केसपेपरवरचा फोन नंबर

सातारा-सांगलीच्या ऊस आणि द्राक्षांच्या पट्ट्यात फवारणीचे औषध घराघरांत असते. (विषालाही आपण ‘औषध’च म्हणतो, हे मला नेहमी खटकते.) त्यामुळे ‘औषध प्यायलेला पेशंट’ इथल्या अपघात विभागांना नवा नाही. साताऱ्याचे सिव्हिल असो की मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ॲट्रोपिन, सलाईन, व्हेंटिलेटर हे सारे डॉक्टरांच्या सवयीचे. एमएलसी होते, पोलीस जबाब घेतात, मग डिस्चार्ज. मनाचे विचारायला मानसोपचारतज्ज्ञ त्या घडीला हजर असेलच असे नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ अशा माणसाला आरोपी नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस मानते आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकते.

इथे तंत्रज्ञान कामी येते, आणि ते साधेच आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू आहे; मराठीतही बोलता येते. वॉर्डातली सिस्टर तो लावून पेशंटच्या हाती देऊ शकते. फक्त घाई नको: ॲट्रोपिनच्या अंमलाखाली पेशंट भ्रमात बडबडतो, तेव्हाचे बोलणे व्यर्थ. आणि नातेवाईक उशाशी उभे असताना कोणती सून खरे बोलेल?

मी डॉक्टर नाही, वाचून आणि विचारून शिकलेला माणूस आहे. या वाचनात मला सर्वांत मोलाचा वाटला तो जागतिक आरोग्य संघटनेचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. चेन्नई, कोलंबो यांसह पाच शहरांच्या अपघात विभागांत आलेल्या १८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय तासभर बोलणे झाले आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस झाली. आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. ना महागडे यंत्र, ना ॲप!

आपल्याकडे हे अडेल ते एका क्षुल्लक जागी. केसपेपरवरचा नंबर बहुधा पेशंटला घेऊन आलेल्याचा असतो. भांडण नवऱ्याशी झालेले आणि विचारपुशीचा फोनही नवऱ्यालाच! म्हणून केसपेपरवर वेगळी ओळ हवी: पेशंटचा स्वतःचा नंबर, आणि कोणत्या वेळी मोकळेपणी बोलता येईल. स्वतःचा फोन नसेल तर माहेरचा चालेल की आशाताईंचा, हे त्यालाच किंवा तिलाच विचारावे. गावात कुणाला कळू नये, असेही अनेकांना वाटते.