सहा तासांचा कोर्स आणि पंचविसावा वाढदिवस

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २०१० पासून एक नियम आहे. १८ ते २४ या वयात पहिल्यांदा ड्रायव्हिंग लायसन्स काढायचं असेल, तर आधी सहा तासांचा प्रौढांसाठीचा कोर्स पूर्ण करावा लागतो. ऑनलाइन केला तरी चालतो. त्यात वाहतुकीचे नियम, चिन्हं, दारू पिऊन गाडी चालवण्याचे परिणाम वगैरे शिकवतात. स्टीअरिंग हातात मिळत नाही. पंचवीस पूर्ण झाली की या कोर्सची सक्ती संपते, परीक्षा मात्र द्यायच्या. तिकडे एमएस-पीएचडीला जाणारी आपली बरीच मुलं नेमकी या सीमेच्या आसपासची असतात.

आता संशोधनाचा प्रश्न: या सहा तासांमुळे अपघात कमी होतात का?

कोर्स केलेले आणि न केलेले यांची सरळ तुलना केली, तर कोर्सच बदनाम होईल. कारण कोर्स करणारे वयाने लहान, आणि तरुण चालकांचे अपघात तसेही जास्त. मग २४ वर्षं ११ महिने आणि २५ वर्षं १ महिना या वयाला लायसन्स काढणाऱ्यांचीच तुलना करायची. दोघं जवळपास सारखेच, फरक कोर्सचा. याला रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी म्हणतात. कायद्याने आखलेली वयाची रेघ दिसली की अशा अभ्यासाचा विचार करून बघावा.

पण थांबा. जन्मतारीख आपल्या हातात नसते, अर्जाची तारीख असते. कोर्स चुकवायला दोन महिने थांबणारा माणूस आणि घाईने लायसन्स काढणारा माणूस सारखे कसे? म्हणून मी सगळ्यात आधी महिन्यागणिक अर्जांचा आलेख काढेन. पंचविशीनंतर लगेच अर्जांचा उंचवटा दिसला, तर पुढचं गणित कितीही सुबक असो, भरवसा ठेवता येणार नाही. शिवाय अमेरिकेत भाड्याच्या गाड्यांवर पंचविशीखालच्यांना सहसा जादा आकार पडतो. म्हणजे त्या वाढदिवसाला कोर्सशिवाय इतर गोष्टीही बदलतात.

मग रँडमाइज्ड प्रयोगच का करू नये? झालाय, फक्त शाळकरी मुलांवर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यातल्या डीकॅल्ब काउंटीत सुमारे १६,००० विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले: एकाला सविस्तर प्रशिक्षण, एकाला किमान, एकाला काहीच नाही. पुढे १९८६ मध्ये लुंड, विल्यम्स आणि झाडोर यांनी ती आकडेवारी पुन्हा तपासली. सविस्तर प्रशिक्षण मिळालेल्या मुलांना लायसन्स मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि अपघात होण्याचीही. प्रशिक्षणाने मुलं रस्त्यावर आणली, हा त्यातला कळीचा भाग. फक्त लायसन्सधारकांमागे अपघात मोजले असते, तर हे झाकलं गेलं असतं. कारण लायसन्स काढायचं की नाही, हे चिठ्ठीने ठरलेलं नव्हतं. चिठ्ठी ज्यांच्यासाठी काढली, त्या सगळ्यांना छेदात धरायचं. मुलाखतीत 'इंटेन्शन टू ट्रीट' विचारलं, तर हे उदाहरण सांगा.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. खासगी कारच्या लायसन्ससाठी ड्रायव्हिंग स्कूलची सक्ती नाही. लर्निंग लायसन्स काढा, ३० दिवस थांबा, आरटीओत चाचणी द्या. १ जुलै २०२१ पासून मात्र नवा पर्याय आला. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात २९ तासांचा कोर्स (८ तास थिअरी, २१ तास प्रॅक्टिकल) करून तिथली परीक्षा पास झालात, तर आरटीओची चाचणी माफ. म्हणजे टेक्सासमध्ये प्रशिक्षण चाचणीच्या जोडीला आहे, इथे सरकारी चाचणीच्या जागी. उद्या कुणी या केंद्रांतल्या चालकांचे अपघात मोजले आणि ते कमी निघाले, तर श्रेय २९ तासांना द्यायचं, की एवढा वेळ आणि पैसा काढू शकणाऱ्या माणसांच्या स्वभावाला? आणि जास्त निघाले, तर दोष शिकवण्याचा, की माफ झालेल्या चाचणीचा? दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्यात, त्यामुळे नुसत्या अपघातांच्या आकड्यांवरून हे सुटं करता येणार नाही.