नैसर्गिक जलाशयांतील माशांमधील कर्करोग व ताण यांचा जनुकसंचीय अभ्यास : पंचगंगा खोऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांच्या प्रवाहांतून पंचगंगा सिद्ध होते, कोल्हापूर शहराच्या कडेने वाहते आणि नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. शहराचे सांडपाणी, साखर कारखाने व आसवन्यांतील मळीयुक्त पाणी आणि इचलकरंजीच्या वस्त्रप्रक्रिया उद्योगातील रंगीत पाणी यांचा भार ही नदी अनेक वर्षे सोसत आली आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ पसरली, तेव्हा दूषित पाण्याचा प्रश्न थेट माणसाच्या यकृतापर्यंत पोहोचला.

तेरवाड बंधाऱ्यासारख्या ठिकाणी मृत माशांचा खच पडला की त्याची बातमी होते, पाण्याचे नमुने घेतले जातात. पुढे पाणी वाहते होते, मासे पुन्हा दिसू लागतात आणि नदी सावरली असा समज रूढ होतो. प्रस्तुत लेखाचा विषय मेलेला मासा हा नसून त्याच पाण्यात जगलेला मासा हा आहे. जिवंत मासा हा निरोगी नदीचा पुरावा मानता येईल काय, हा येथील मूळ प्रश्न आहे. जनुकसंचशास्त्राने गेल्या दोन दशकांत या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे, त्याचा परिचय करून देणे व आपल्या खोऱ्यात त्याचा उपयोग कसा होऊ शकेल याचा विचार करणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

मासाच का?

पाण्याचा सामू, विद्राव्य प्राणवायू, जैवरासायनिक प्राणवायू मागणी ही मोजमापे नमुना घेतला त्या क्षणाची स्थिती सांगतात. रात्री सोडलेले रसायन सकाळच्या नमुन्यात सापडेलच असे नाही. मासा मात्र कल्ल्यांवाटे, त्वचेवाटे व अन्नावाटे तेच पाणी अहोरात्र शरीरात घेत असतो. तळाशी चरणाऱ्या माशांचा संबंध गाळाशीही येतो आणि चिरकाल टिकणारी विषारी द्रव्ये प्रायः गाळातच साठतात. या अर्थाने माशाचे यकृत ही नदीची दीर्घकालीन नोंदवही होय.

शिवाय मासा व मनुष्य यांचे जनुकीय नाते दूरचे असले तरी तुटक नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या झेब्रा माशाच्या जनुकसंचावरून असे दिसून आले की, मानवी जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक समकक्ष जनुक आहे. पेशीविभाजनावर नियंत्रण ठेवणारी पी-५३ व रास यांसारखी जनुके दोहोंतही आहेत. त्यामुळे माशाच्या पेशीत घडणारा बिघाड आपल्याला परका नाही.

कर्करोगाची वाटचाल व ताण

कर्करोग ही एका क्षणी घडणारी घटना नसून ती टप्प्याटप्प्याने होणारी प्रक्रिया आहे. कोळसा, डांबर व खनिज तेल यांच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचे उदाहरण घेता येईल. ही द्रव्ये पेशीत शिरल्यावर एएचआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्राही प्रथिनाशी जोडली जातात. ते प्रथिन सीवायपी-१ए हे जनुक कार्यान्वित करते व त्यापासून विषद्रव्याचे रूपांतर करणारे विकर तयार होते. मूळ उद्देश विष बाहेर टाकण्याचा असतो. परंतु या रूपांतरात बेंझोपायरीनसारख्या द्रव्यापासून जे अतिक्रियाशील घटक निर्माण होतात, तेच डीएनएला चिकटतात. ही इजा दुरुस्त न झाल्यास उत्परिवर्तन कायम होते. अशी उत्परिवर्तने साठत गेली की प्रथम यकृतात विकृत पेशींचे पुंजके, नंतर सौम्य अर्बुद आणि अखेर कर्करोग, असा क्रम दिसतो.

ताण ही याच चित्राची दुसरी बाजू आहे. प्राणवायूची कमतरता, तापमानवाढ किंवा विषद्रव्य यांची जाणीव होताच माशाच्या मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीकडे व तेथून अग्रवृक्कातील पेशींकडे संदेश जातो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. अल्पकाळ हा प्रतिसाद जीवरक्षक असतो. तो दीर्घकाळ चालू राहिला, तर वाढ खुंटते, प्रजनन मंदावते व प्रतिकारशक्ती क्षीण होते. विकृत पेशी हुडकून नष्ट करण्याचे काम प्रतिकारयंत्रणेचेही असल्याने, ताणग्रस्त माशाची ही क्षमता उणावण्याचा धोका असतो. म्हणूनच कर्करोग व ताण यांचा विचार एकत्रितपणे करणे आवश्यक ठरते.

अभ्यासपद्धती

पूर्वी संशोधक यकृताचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली अर्बुद शोधत. ही पद्धत आजही पायाभूत आहे. परंतु ती रोग दृश्य झाल्यावरच बोलते. जनुकसंचीय पद्धती त्याआधीचे टप्पे वाचू पाहतात. त्यांचे स्थूलमानाने तीन स्तर सांगता येतील.

पहिला स्तर डीएनएच्या क्रमाचा. यात उत्परिवर्तने व समुच्चयातील जनुकीय भेद शोधले जातात. दुसरा स्तर आरएनएचा. पेशीतील कोणती जनुके या घडीला किती प्रमाणात कार्यरत आहेत हे त्यावरून कळते. सीवायपी-१ए वाढलेले असल्यास हायड्रोकार्बन वा डायॉक्सिनसदृश द्रव्यांचा, मेटॅलोथायोनिन वाढलेले असल्यास जड धातूंचा, तर उष्माघात प्रथिनांची जनुके वाढलेली असल्यास पेशीवरील सर्वसाधारण ताणाचा संशय घेता येतो. तिसरा स्तर मिथिलीकरणाचा. डीएनएचा क्रम न बदलता त्यावर बसणाऱ्या मिथिल गटांमुळे जनुके चालू वा बंद होतात. ब्रिटनभोवतालच्या समुद्रातील डॅब या चपट्या माशावरील अभ्यासात अर्बुदामध्येच नव्हे, तर भोवतालच्या वरकरणी निरोगी यकृत-ऊतीतही मिथिलीकरण घटलेले आढळले. म्हणजेच डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीपेक्षा बिघाडाचे क्षेत्र मोठे असते.

तीन बोलकी उदाहरणे

अमेरिकेतील ओहायो राज्यात ब्लॅक नदीच्या काठी कोक तयार करणारा कारखाना होता. १९८२ साली तेथील तीन वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ब्राउन बुलहेड या मिशाळ माशांपैकी सुमारे ३९ टक्के माशांच्या यकृतात कर्करोग आढळला. १९८३ साली कारखाना बंद झाला. १९८७ पर्यंत हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले. पुढे गाळ उपसण्याच्या कामामुळे तळचे विष ढवळले गेले आणि रोगाचे प्रमाण काही काळ पुन्हा वाढले. स्रोत थांबविला की नदी सावरते, परंतु गाळ विसरत नाही, असा दुहेरी बोध या उदाहरणातून मिळतो.

दुसरे उदाहरण हडसन नदीतील टॉमकॉड माशाचे. या नदीत १९४७ ते १९७७ या काळात विद्युत उपकरणांच्या कारखान्यांतून पीसीबी ही द्रव्ये मोठ्या प्रमाणावर सोडली गेली. १९८० च्या दशकात तेथील दोन वर्षे वयाच्या टॉमकॉडपैकी ९० टक्क्यांहून अधिक माशांच्या यकृतात अर्बुदे होती. तरीही हा मासा नष्ट झाला नाही. त्याचे कारण २०११ साली स्पष्ट झाले. हडसनमधील जवळजवळ सर्व टॉमकॉडमध्ये एएचआर-२ या जनुकातील केवळ सहा क्षारके गळालेली होती. त्यामुळे ग्राही प्रथिन पीसीबीला पूर्वीसारखे घट्ट धरत नाही आणि भ्रूण विषाने मरत नाही. अन्यत्र विरळ असलेला हा प्रकार काही दशकांच्या निवडीतून येथे सार्वत्रिक झाला. २०१६ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील किलीफिशच्या आठ समुच्चयांचे जनुकसंच तपासले असता, प्रदूषित खाड्यांतील माशांतही याच मार्गावरील जनुकांत बदल आढळले.

तिसरे उदाहरण सावधगिरीचे आहे. मेक्सिकोतील स्वोर्डटेल माशांच्या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून जन्मणाऱ्या काही पिलांत त्वचेचा मेलानोमा होतो. एक्सएमआरके हे अर्बुदकारक जनुक व दुसऱ्या जातीकडून आलेले सीडी-९७ हे जनुक एकत्र आल्याने तो उद्भवतो, हे २०२० साली दाखविले गेले. येथे दोष पाण्याचा नाही. तात्पर्य, गाठ दिसली म्हणजे प्रदूषण सिद्ध झाले असे मानणे जितके चुकीचे, तितकेच मासा जिवंत आहे म्हणून पाणी निर्दोष मानणे चुकीचे. उलट, प्रतिरोधक मासा विष अंगी बाळगून जगतो आणि ते विष त्याला खाणाऱ्यापर्यंत पोहोचवितो.

पंचगंगा खोऱ्यातील शक्यता

आपल्या नदीच्या प्रदूषणाचे स्वरूप हडसनसारखे नाही. मळीयुक्त पाण्याने प्रामुख्याने प्राणवायू घटतो. म्हणजे तात्काळ ताण निर्माण होतो. काही ॲझो रंगांच्या विघटनातून कर्करोगजनक ॲरोमॅटिक अमाइने तयार होतात आणि अशा रंगांवर भारतात १९९० च्या दशकातच बंदी घालण्यात आली. शिवाजी पेठेलगतच्या रंकाळ्यासारख्या साचलेल्या पाण्यात प्रश्न पुन्हा वेगळा असतो. पोषकद्रव्ये वाढली की जलपर्णी व नीलहरित शैवाले फोफावतात आणि त्यांपैकी मायक्रोसिस्टिस या शैवालाचे विष यकृतातील अर्बुदवाढीस चालना देणारे आहे. म्हणून नदी व तलाव यांचे निष्कर्ष एका मापाने मोजता येणार नाहीत.

या खोऱ्याला अभ्यासाच्या दृष्टीने एक नैसर्गिक सोय लाभली आहे. राधानगरी परिसरातील भोगावतीचे वरचे पात्र हे तुलनेचे ठिकाण व रुई, तेरवाड हे खालचे टप्पे अशी मांडणी करता येते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे घातले जातात व पावसाळ्यापूर्वी काढले जातात. बरगे असताना मासे बहुतांशी आपापल्या टप्प्यात अडकून राहतात; त्यामुळे उन्हाळ्याअखेरीस पकडलेला मासा त्याच टप्प्यातील पाण्याविषयी साक्ष देतो. पावसाळ्यात, विशेषतः २००५, २०१९ व २०२१ सारख्या महापुरांत, समुच्चय मिसळतात. नमुने केव्हा घेतले हे त्यामुळे कोठे घेतले याइतकेच महत्त्वाचे ठरते.

संदर्भसामग्रीही आता उपलब्ध आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली कोल्हापूरच्या माशांची सूची प्रसिद्ध झाली होती. पूर्वी येथे कोण होते हे तीवरून कळते. मागूर व रोहू या माशांचे जनुकसंच भारतीय संशोधन संस्थांनी अनुक्रमे २०२१ व २०२० साली प्रसिद्ध केले आहेत. रोहू हा मत्स्यबीज म्हणून सोडला जाणारा मासा असल्याने तो नदीत किती काळ राहिला याची खात्री नसते. मरळ, वाम यांसारखे स्थानिक मासे त्या दृष्टीने अधिक विश्वसनीय साक्षीदार होत.

महाविद्यालयीन स्तरावर याची सुरुवात महागड्या यंत्राविना होऊ शकते. माशाच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते. रक्ताच्या एका थेंबाचा लेप गीम्सा रंजकाने रंगवून सूक्ष्मकेंद्रके मोजली असता गुणसूत्रांना झालेल्या इजेचा अंदाज येतो आणि मासा मारावाही लागत नाही. जेथे हे प्रमाण जास्त आढळेल, तेथीलच मोजके नमुने आरएनए-क्रमनिर्धारणासाठी मोठ्या प्रयोगशाळांकडे पाठविता येतील.

मर्यादा

जाळ्यात सापडणे हाच माशासाठी मोठा ताण असून काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढते. विलंबाने घेतलेला नमुना नदीची नव्हे, तर जाळ्याची कहाणी सांगतो. वय, लिंग व प्रजननकाळ यांमुळेही जनुकांची कार्यशीलता बदलते. अस्थिमत्स्यांच्या पूर्वजांत संपूर्ण जनुकसंचाचे द्विगुणन झालेले असल्याने एका मानवी जनुकास माशात दोन प्रती असू शकतात व त्यांची कार्ये भिन्न असू शकतात. आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. म्हणून ऊतिछेद, गाळाचे रासायनिक विश्लेषण व जनुकीय माहिती या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

समारोप

मेलेला मासा एका दिवसाचा गुन्हा दाखवितो. जगलेला मासा अनेक वर्षांचा इतिहास अंगावर बाळगतो. हा इतिहास वाचण्यासाठी प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येणे अपरिहार्य आहे. त्याच नदीचे पाणी पिणाऱ्या व त्याच नदीचे मासे खाणाऱ्या समाजाशी या अभ्यासाचा संबंध असल्याने त्याचे निष्कर्ष काठावरच्या मच्छीमारालाही त्याच्या भाषेत कळले पाहिजेत. पंचगंगेत मासे आहेत एवढ्यावर समाधान न मानता ते कोणत्या किमतीवर जगत आहेत हे विचारणे, हे येथील अध्यापकवर्गाचे स्वाभाविक कर्तव्य ठरते.