स्पीकर चांगले आणले, आता अॅम्प्लिफायर कुठला?

सीमाभाग म्हटला की आपल्याला बेळगाव, निपाणी, खानापूर आठवते, फार तर जत आणि अक्कलकोट. मराठीची दुसरी एक कड मात्र आपण सहसा विसरतो. नागपूरहून उत्तरेकडे निघाले की दोन-अडीच तासांत सौंसर, पांढुर्णा ही गावे गाठता येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्हा या मराठी तालुक्यांसह मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसरही त्यातच आले. संत्र्याच्या बागा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणारी गोटमार, जामसावळीचा मारुती, आणि घरात मराठी, कचेरीत हिंदी.

सौंसरच्या अशाच एका घरात आपल्या बाजूची, गोकाककडची मुलगी दिलेली आहे. सासरे नाट्यसंगीताचे आणि कुमार गंधर्वांचे वेडे. सून पुरंदरदासांच्या पदांवर वाढलेली. तसे पाहिले तर हे घर कुमारांच्याच वाटेवरचे म्हणायचे. ते बेळगावजवळच्या सुळेभावीचे, मातृभाषा कानडी, आणि १९४८ पासून अखेरपर्यंत राहिले मध्य प्रदेशातल्या देवासला. असो. आंबिया बहाराचे पैसे बरे आले त्या वर्षी या मंडळींनी पुण्याहून स्पीकरची एक चांगली जोडी आणली आणि घरातल्या जुन्या अॅम्प्लिफायरला जोडली. दोन महिन्यांत उजव्या स्पीकरचा ट्विटर गेला. जो तो म्हणू लागला की स्पीकर नाजूक निघाले, मोठ्या शहरातल्या वस्तू आपल्याकडे टिकत नाहीत.

स्पीकर नाजूक नव्हते. जोडी चुकली होती. ही चूक बेळगावात, हुबळीत, सोलापुरातही घरोघरी होते, म्हणून त्या घराच्या निमित्ताने थोडे सविस्तर.

त्या जुन्या अॅम्प्लिफायरवर मोठ्या अक्षरांत ‘५०० वॉट पीएमपीओ’ असे छापलेले होते. १९९० च्या दशकात आपल्याकडे टेपरेकॉर्डरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांवर हा आकडा असे. त्याला मापाचा ठरलेला नियम नाही. क्षणभर जे जास्तीत जास्त निघेल असे कंपनीला वाटते, ते छापायचे. विचारायचा आकडा आरएमएस वॉटचा, तोही किती ओहमवर आणि किती विकृतीवर मोजला ते धरून. अमेरिकेत १९७४ साली घरगुती अॅम्प्लिफायरचे वॉट कसे मोजून सांगायचे याचा नियमच करावा लागला, यावरून ही थापेबाजी किती सार्वत्रिक होती ते कळेल. सौंसरच्या त्या यंत्रात एका चॅनलला २एन३०५५ ट्रान्झिस्टरची एकेक जोडी आणि एक लहानसा ट्रान्सफॉर्मर होता. त्यातून दर चॅनलला पंधरा-वीस वॉट निघाले तरी पुष्कळ.

आता कोणी म्हणेल, कमी वॉटच्या यंत्राने स्पीकर जळेल कसा? जळतो. आवाज वाढवत नेला की एका मर्यादेनंतर अॅम्प्लिफायरकडे द्यायला व्होल्ट उरत नाहीत आणि आवाजाच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो. कापलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेले तीव्र स्वर तयार होतात, ते थेट ट्विटरकडे जातात. ट्विटरची तार केसासारखी बारीक, तिला सतत सोसते ती शक्ती थोड्याच वॉटची. ती तापते आणि तुटते. सणाच्या दिवशी लहान यंत्र पुरते पिळून वाजवणे हे मोठे यंत्र जपून वाजवण्यापेक्षा स्पीकरला जास्त घातक. आवाज कर्कश व्हायला लागला, ‘स’ आणि ‘श’ चरचरू लागले, की बटण मागे घ्यावे. यंत्र तेव्हा आपल्याला सांगतच असते.

मग किती वॉट घ्यावेत? हे आधी स्पीकरला विचारायचे, दुकानदाराला नंतर. स्पीकरच्या पाठीवर किंवा सोबतच्या कागदावर दोन आकडे असतात. एक संवेदनशीलता: एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. दुसरा रोध, म्हणजे ओहम.

पहिला आकडा सगळ्यात मोलाचा, आणि नेमका तोच कोणी वाचत नाही. हिशेब सोपा आहे. तीन डेसिबल जास्त हवे तर वॉट दुप्पट लागतात, दहा डेसिबल हवे तर दहापट. सौंसरचे स्पीकर ८६ डेसिबलचे. खोली बारा बाय चौदा, ऐकणारा तीनेक मीटरवर बसलेला. एवढ्या अंतरात काही डेसिबल जातात, दोन स्पीकर असल्याने थोडे परत मिळतात. म्हणजे एकेक वॉटवर कानापाशी साधारण ८० डेसिबल आवाज येतो. घरात बसून ऐकायला तो भरपूर झाला. पण गाणे एका पातळीवर चालत नाही. पखवाजाची थाप, तराण्यातला तबल्याचा तुकडा, भीमसेनांची तार सप्तकातली एखादी तान सरासरीच्या पंधरा डेसिबल वर सहज जाते. पंधरा डेसिबल म्हणजे सुमारे बत्तीसपट. तेव्हा दर चॅनलला खरे ४० ते ५० वॉट हवेत. स्पीकर ८९ चे असते तर निम्म्यात भागले असते.

वडीलधारी मंडळी सांगतात, आमच्या वेळचा रेडिओ तीन-चार वॉटचा, तरी वाड्यात ऐकू जायचा. ते खरेच आहे. त्या रेडिओचा स्पीकर मोठ्या कागदी कोनाचा, हलका आणि संवेदनशील. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेच्या आधारावर चालणारा छोटा स्पीकर आणला. लहान पेटीतून मोठा खर्ज मिळू लागला, पण त्याची किंमत म्हणून वॉट जास्त लागू लागले. आजचे कपाटात मावणारे स्पीकर त्याच वंशातले.

दुसरा आकडा ओहमचा. अॅम्प्लिफायरने २० व्होल्ट दिले तर ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपियर वाहतात आणि ५० वॉट होतात. तेच २० व्होल्ट ४ ओहमवर दिले तर पाच अँपियर आणि १०० वॉट. ऐकायला छान वाटते, पण ते पाच अँपियर द्यायची ताकद यंत्रात हवी. ज्याच्या पाठीवर ‘६ ते १६ ओहम’ लिहिले आहे त्याला ४ ओहमची जोडी लावली की ते तापते, मध्येच बंद पडते किंवा कायमचे बसते. जुन्या स्पीकरवर काहीच लिहिलेले नसेल तर वायरमनकडच्या मल्टिमीटरने दोन टोके मोजावीत. साडेपाच ते सातच्या आसपास आले तर स्पीकर ८ ओहमचा, तीन-साडेतीन आले तर ४ चा. एकाच टोकाला समांतर दोन जोड्या लावून स्वयंपाकघरातही गाणे नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, ८ आणि ८ मिळून १६ होत नाहीत, ४ होतात.

तालुक्याच्या गावात अॅम्प्लिफायरचे ज्ञान असते ते मंडपवाल्याकडे. सौंसरलाही पहिला सल्ला तिथूनच आला, ‘आपल्याकडचं अडीचशे वॉटचं मशीन घेऊन जा.’ माणूस प्रामाणिक, पण त्याचे काम वेगळे. त्याचे भोंगे शंभर डेसिबलच्या वरचे, उद्देश एकच, शब्द लांब जावा. त्या यंत्रावर ७० आणि १०० व्होल्टची टोकेही असतात, लांब तारेवर बरेच भोंगे चालवायला. घरचा स्पीकर चुकून त्या टोकाला लागला तर ट्विटरच काय, खालचा कोनही जाईल.

आता तिकडच्या विजेचे. रब्बीत विहिरींवरचे मोटारपंप एकदम सुरू झाले की २३० व्होल्टचे १९० होतात. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात काही वेगळे घडत नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अॅम्प्लिफायरची शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे १९० वर ५० वॉटचे सुमारे ३४ उरतात, आणि लाटेचा माथा आधीच कापला जाऊ लागतो. त्या घरात ट्विटर गेला तो संध्याकाळच्या वेळी, यात मला तरी नवल वाटले नाही. म्हणून अशा गावात हिशेबापेक्षा थोडे जास्त वॉट आणि एक बरा स्टॅबिलायझर, हे दोन्ही घ्यावे. इन्व्हर्टरवर वाजवायचे असेल तर तो साइन वेव्हचा हवा. स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि ती घुमघुम थेट गाण्यात येते.

हल्ली तळहाताएवढे क्लास डी अॅम्प्लिफायर मिळतात. त्यांना नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. कमी तापतात, विजेच्या चढउतारात बरे टिकतात. फक्त त्यांच्यावरचा वॉटचा आकडा बऱ्याचदा दहा टक्के विकृतीवरचा असतो, म्हणून तो निम्मा धरावा, आणि सोबतचा अॅडॉप्टर किती व्होल्ट-अँपियरचा ते पाहावे. अॅडॉप्टर देईल तेवढेच ते यंत्र देणार. सिनेमाच्या पाच स्पीकरवाल्या रिसीव्हरचा मोह मात्र गाणे ऐकणाऱ्याने टाळावा. त्याच पैशात दोन चॅनलचा साधा अॅम्प्लिफायर जास्त चांगला येतो.

सौंसरच्या घरात रेकॉर्डही आहेत, त्यामुळे आणखी एक अट होती. रेकॉर्ड प्लेयरच्या चुंबकी कार्ट्रिजमधून अवघे चार-पाच मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेयरमधून दोन व्होल्टपर्यंत. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज दाबलेला आणि तीव्र स्वर उचललेले असतात, ते परत सरळ करावे लागतात. त्यासाठी पाठीमागे ‘फोनो’ लिहिलेले वेगळे टोक हवे. ते नसेल तर वेगळा फोनो प्रीअॅम्प घ्यावा लागतो. साध्या टोकाला जोडले तर आवाज मच्छराएवढा येतो आणि माणसे रेकॉर्डलाच नावे ठेवतात.

शेवटी त्यांनी नागपुरातून दर चॅनलला ५० वॉटचा, फोनो असलेला दोन चॅनलचा अॅम्प्लिफायर घेतला. ट्विटर पुण्याहून मागवला. तो मिळाला हे नशीब, कारण दहा वर्षे जुन्या जोडीचा नेमका ट्विटर सहसा मिळत नाही आणि दुसरा बसवला की डावे-उजवे जुळत नाही. सगळे जोडून झाल्यावर सुनेने पहिल्यांदा काय लावले, तर आईची कॅसेट. अव्वाने घरीच, टेपरेकॉर्डरसमोर बसून म्हटलेली देवरनामे. अव्वा आता नाहीत. जुन्या यंत्रावर तो आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा, म्हणून ती कॅसेट सहसा कोणी लावत नसे. आता टेपची खरखर तशीच होती, पण मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, दोन ओळींच्या मधला श्वास ऐकू आला. सासरे म्हणाले, ‘मले कानडी येत नाही सूनबाई, पण शब्द कुठं संपते ते आता कळून राह्यलं.’ महागडी वायर किंवा सोन्याचा मुलामा यांनी हे होत नाही. स्पीकरला लागेल तेवढी स्वच्छ वीज मिळाली, एवढेच झाले.

वायरवरून आठवले. पाच मीटरपर्यंतच्या अंतराला घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते. फक्त तांबडे तांबड्याला आणि काळे काळ्याला लागले पाहिजे. एका बाजूला उलटे झाले तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक कुठे बसला आहे ते कळत नाही. तपासायला एखादे जुने, मोनो गाणे लावावे. आवाज दोन्ही स्पीकरच्या मधोमध आला पाहिजे.

खोलीचेही थोडे पाहावे. फरशी, सिमेंटच्या भिंती, मोठ्या काचा असल्या की शब्द घुमतो. समोर सतरंजी, मागे जाड पडदा, भिंतीला पुस्तकांचे कपाट, इतके पुष्कळ होते. स्पीकर शोकेसच्या डोक्यावर कोपऱ्यात ठेवू नयेत, खर्ज फुगतो आणि शेजारची पितळी भांडी साथ करू लागतात.

दुकानात ऐकायला जाताना आपली सीडी किंवा फोनमधले आपले गाणे न्यावे. दुकानातली गाणी सगळ्याच यंत्रांवर छान वाजतात. कानडी-मराठी घरांना तर हुकमी कसोटी ठाऊकच आहे, मिरजेचा तंबोरा. खयालाच्या सुरुवातीला नुसता तंबोरा वाजत असताना डोळे मिटून ऐकावे. जवारी नीट लागलेल्या तारेतून स्वरांचा जो झरा निघतो तो सलग आणि मऊ ऐकू यायला हवा. तो माशीच्या गुणगुणीसारखा किंवा वाळू घासल्यासारखा वाटला तर यंत्रात किंवा जोडीत खोट आहे. मग आवाज ऐकायच्या पातळीपेक्षा थोडा वर नेऊन भरल्या गळ्याचा तार षड्ज ऐकावा, मन्सूरांचा, गंगूबाईंचा, कोणाचाही. त्या वेळी मागचा तंबोरा विरघळून गेला तर वॉट कमी पडताहेत.

आणि घरी आणल्यावर रोजची सवय एवढीच. सुरू करताना आधी प्लेयर, शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना आधी अॅम्प्लिफायर. आवाजाचे बटण शून्यावर. मृगाचे ढग गडगडू लागले की प्लग भिंतीतून काढून ठेवावा, नुसते बटण बंद करून चालत नाही.