दाखला न मागणारं इस्पितळ

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात आलेल्या माणसाला कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. रेशनकार्डाचा रंगही बघत नाही. उपचार पैसे भरून घ्यायचे की फुकट, हे ज्याचं त्यानं ठरवायचं आणि त्या विभागात जायचं. फुकट विभागात मोठ्या दालनात चटईवर झोपावं लागतं, पैसे भरणाऱ्याला खोली मिळते. डॉक्टर मात्र दोन्हीकडे तेच, आळीपाळीनं. एखादा सधन माणूस फुकटात डोळा करून घेईल, हा धोका संस्थेनं पहिल्यापासून पत्करला. अरविंदचे शस्त्रक्रियांचे आकडे जगभर सांगितले जातात. मला मात्र या संस्थेची थोरवी आधी इथे दिसते. आपली गरिबी टेबलापलीकडच्या माणसाला पटवून देण्याची पाळी तिनं कुणावर आणली नाही.

हे ज्यांनी उभं केलं ते डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी डॉक्टर होते. 1918 साली तमिळनाडूतल्या वडमलापुरम या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. नात्यातल्या बाळंतिणी दगावलेल्या पाहून त्यांनी प्रसूतितज्ज्ञ व्हायचं ठरवलं होतं. 1944 मध्ये पदवी घेऊन ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत गेले आणि ऐन उमेदीत संधिवातानं त्यांना गाठलं. वर्षाहून अधिक काळ अंथरुणात गेला. बोटं कायमची वाकडी झाली. लेखणीसुद्धा धरवेना, तिथे बाळंतपणं कुठली करणार? मग ते नेत्रविद्येकडे वळले, मद्रासच्या एग्मोरमधल्या सरकारी नेत्र रुग्णालयात शिकले आणि त्या बोटांना पेलतील अशी हत्यारं घडवून मोतीबिंदू काढू लागले. त्याच हातांनी त्यांनी आयुष्यात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. 1956 पासून वीस वर्षं ते मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग सांभाळत होते आणि खेड्यापाड्यांत नेत्रशिबिरं घेत होते. अरविंदची गोष्ट सांगताना ही वीस वर्षं दोन ओळींत उरकली जातात, ते मला पटत नाही. एका दिवसात पुष्कळ शस्त्रक्रिया नीट कशा करायच्या, याची तालीम त्या सरकारी वॉर्डांत आणि शिबिरांतच झाली होती.

1976 मध्ये ते अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात सुरू झाला तेही हेच वर्ष. मदुराईत एका घरात अकरा खाटांचं इस्पितळ निघालं. बँका कर्ज देईनात, तेव्हा राहतं घर गहाण पडलं आणि घरातले दागिने मोडले. धाकटी बहीण डॉ. नाचियार आणि तिचे यजमान डॉ. नाम्पेरुमालसामी दोघंही नेत्रशल्यविशारद, ते या कामात उतरले. भाऊ श्रीनिवासन यांनी बांधकाम आणि हिशेब अंगावर घेतले. श्री अरविंदांवरच्या श्रद्धेतून इस्पितळाला नाव मिळालं. पुढे तळमजला उभा राहिला की त्याच्या मिळकतीतून वरचा मजला, अशी इमारत चढत गेली. आज मदुराईखेरीज थेनी, तिरुनेलवेली, कोइम्बतूर, पुदुच्चेरी अशी अनेक रुग्णालयं आहेत आणि पैसे भरणाऱ्यांच्या शुल्कातून रोजचा सगळा खर्च निघतो.

हे परवडतं कसं, हे शस्त्रक्रियागृहात गेल्यावर कळतं. एका शल्यविशारदाच्या दोन बाजूंना दोन टेबलं असतात. पहिल्या टेबलावर डोळा होत असतो तेव्हा दुसऱ्यावरच्या रुग्णाला झोपवून, डोळा बधिर करून, स्वच्छ करून तयार ठेवलेलं असतं. इकडचं काम संपलं की सूक्ष्मदर्शकाचा दांडा तिकडे फिरतो, डॉक्टर वळतात आणि पुढचा डोळा सुरू. पट्टी बांधणं, रुग्णाला उठवणं, पुढचा आणणं, हत्यारांचा निर्जंतुक संच मांडणं, यातल्या कशासाठीही डॉक्टरांचा हात थांबत नाही. सरावलेल्या हातांना एका डोळ्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. इथला एक शल्यविशारद वर्षाला साधारण दोन हजार शस्त्रक्रिया करतो. पद्धतही विचारपूर्वक निवडलेली: बुबुळाच्या कडेशी सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करायचा, त्यातून गढुळलेलं भिंग काढायचं आणि कृत्रिम भिंग आत सरकवायचं. बोगदा आपोआप मिटतो, टाके लागत नाहीत आणि महागडं यंत्रही लागत नाही. पैसे भरणाऱ्यांसाठी यंत्राची पद्धतही आहेच.

अमेरिकेतली मॅकडॉनल्ड्सची दुकानं पाहून डॉ. वेंकटस्वामी भारावले होते. कुठल्याही गावात तोच जिन्नस, तीच चव, तोच दर जमवता येतो, तर दृष्टीच्या बाबतीत का नाही, असं ते विचारत. अशा घाईत रुग्णाकडे दुर्लक्ष होत नाही का, ही शंका रास्त आहे. तिला अरविंदनं नोंदींनी उत्तर दिलंय. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणं हे या शस्त्रक्रियेतलं सगळ्यात मोठं भय. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडायची रीत इथे सुरू झाली आणि वीस लाख शस्त्रक्रियांच्या नोंदी 2019 मध्ये प्रसिद्ध झाल्या. औषधाविना दहा हजारांत सात जणांना संसर्ग होत होता, औषधानं ते प्रमाण दोनवर आलं. 

या साखळीतल्या बहुतेक कड्या म्हणजे खेड्यातल्या मुली. शाळा संपवून आलेल्या शेतकऱ्या-मजुरांच्या लेकींना इथे दोन वर्षं शिकवलं जातं. चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्याचा दाब मोजणं, घाबरलेल्या आजोबांना त्यांच्या बोलीत समजावणं आणि शस्त्रक्रियेत डॉक्टरांच्या हाती नेमकं हत्यार देणं, हे सगळं त्या करतात. पुरस्कार संस्थेच्या आणि डॉक्टरांच्या नावे येतात. दृष्टी परत आलेल्या माणसानं हात जोडायचे तर आधी या मुलींना जोडावेत, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ असं सांगून म्हाताऱ्यांना परत पाठवण्याची रीत होती, ती जुन्या शस्त्रक्रियेमुळे. पूर्ण भिंग काढून टाकायचे, पट्टी सुटली की सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा यायचा आणि तो फुटला की माणूस पुन्हा आंधळा. डोळ्यातच भिंग बसवायची युक्ती 1949 मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडले यांनी केली. युद्धात विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात शिरूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. पण चाळीस वर्षांनीही परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती. ती फुकट विभागातल्या रुग्णासाठी कुठून आणायची? 1992 मध्ये अरविंदनं मदुराईतच ऑरोलॅब हा कारखाना काढला. सेवा फाउंडेशन ही संस्था आणि समाजउद्योजक डेव्हिड ग्रीन यांनी तंत्रज्ञान मिळवून द्यायला मदत केली. किंमत आधी दहा डॉलरांवर आली आणि मग त्याहूनही बरीच खाली. आता ही भिंगं शंभराहून अधिक देशांत जातात.

महाराष्ट्राचा धागाही याच काळात जुळतो. 1994 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. जाड चष्म्याकडून भिंगाकडे जाण्याचा तो काळ, आणि सरकारी शल्यविशारदांना ते शिकवणाऱ्या केंद्रांत अरविंद होतं. आज तालुक्याच्या शिबिरातून डोळ्यात भिंग घालून घरी आलेली आजी मदुराईचं नावही जाणत नसेल. तिचं ते भिंग स्वस्त झालं, त्याला हा कारखाना कारण आहे.

एवढं करूनही अरविंदच्या लोकांनी स्वतःलाच एक कठोर प्रश्न विचारला. शिबिर गावात भरतं, शस्त्रक्रिया फुकट, बस फुकट, जेवण फुकट. मग सगळे येतात का? पाहणीत आढळलं की ज्यांना डोळ्याच्या उपचारांची गरज आहे त्यांच्यापैकी जेमतेम सात टक्के माणसं शिबिराला येतात. कुणाला भीती वाटते, कुणाची रोजंदारी बुडते, कुणाला सोबत नसते. म्हणून 2004 पासून लहान गावांत कायमची दृष्टिकेंद्रं उघडायला सुरुवात झाली. आता ती शंभराच्या वर आहेत. केंद्रात एक तपासनीस मुलगी, डोळा तपासायचं यंत्र आणि चष्म्यांचं कपाट असतं. ती तपासते आणि मुख्य रुग्णालयातले डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलतात. चष्मा लागला तर बऱ्याचदा तिथेच मिळतो. मोतीबिंदू निघाला, तर कधी यायचं, सोबत कोण येणार आणि तोवर शेळ्या कोण राखणार, याची बोलणीही तीच मुलगी घरच्यांशी करते.