उधारीची वही, तीन आकड्यांत

वाणी उधारी देताना वहीतलं जुनं पान उघडून पाहायचा. बँकही तेच करते. फक्त तिची वही ‘सिबिल’सारख्या संस्थेकडे असते. भारतात अशा चार संस्था आहेत, आणि त्या आपली पत ३०० ते ९०० या आकड्यांत मांडतात. पगार किंवा बचत त्यात मोजली जात नाही. त्यामुळे आयुष्यात कधीच कर्ज न काढलेल्या माणसाचं पान कोरंच राहतं. गंमतच म्हणायची!

सर्वांत जास्त वजन हप्ता वेळेवर भरण्याला. त्याखालोखाल क्रेडिट कार्डाची मर्यादा किती वापरता, याला. हा वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवलेला बरा. महिनाभरात पाच बँकांकडे अर्ज केलेत, तर गरजू दिसता. मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहिलात, तर तेही तुमच्याच पानावर येतं. त्याने हप्ते थकवले की आकडा तुमचाही घसरतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने मात्र गुण घटत नाहीत.

चारही संस्थांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फेडलेलं कर्ज त्यात चालू दिसलं, तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुमची.