ताप उतरतो, पुन्हा चढतो: लिम्फोमाची शंका कधी घ्यावी?

हिंगोली असो की वसमत, पावसाळ्यात ताप आला की आधी व्हायरल, डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड यांचाच विचार होतो. तो बरोबरही आहे. बहुतेक तापांचा कॅन्सरशी संबंध नसतो. पण गोळी घेतली की उतरणारा आणि काही दिवसांनी पुन्हा चढणारा ताप दोन-तीन आठवडे चालला, तर कारण शोधायलाच हवं. त्यातलं एक कारण लिम्फोमा असू शकतं.

लिम्फोमा म्हणजे काय?

संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा हा कॅन्सर. या आजारात शरीरात अशी काही रसायनं तयार होतात, की संसर्ग नसतानाही मेंदू शरीराचं तापमान वाढवतो. म्हणून अँटिबायोटिक्स घेऊनही हा ताप जात नाही.

कोणती लक्षणं पाहायची?

• १००.४ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, पुन्हा पुन्हा
• रात्री कपडे, अंथरूण भिजवणारा घाम
• सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन घटणं. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलोहून अधिक
• मान, काख किंवा जांघेत गाठ. ती बहुधा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होतं

मग टीबी नाही का?

ताप, घाम, वजन घटणं, मानेत गाठी ही टीबीचीही लक्षणं आहेत. आपल्याकडे टीबी जास्त आढळतो, त्यामुळे आधी तीच शंका येते. फक्त रक्त तपासून दोन्हींतला फरक कळत नाही. गाठीची बायोप्सी करावी लागते. तपासणीशिवाय टीबीची औषधं सुरू झाली आणि आजार लिम्फोमा निघाला, तर महिने वाया जातात. बायोप्सीआधी स्टेरॉइड घेतलं तर गाठ तात्पुरती आकसते आणि निदान अवघड होतं.

कुठे जायचं?

सुरुवात जिल्हा रुग्णालयातून करा. पुढे नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. लिम्फोमाचे अनेक प्रकार, विशेषतः हॉजकिन लिम्फोमा, वेळेवर उपचार मिळाले तर बरे होऊ शकतात.

तोपर्यंत एक करा: तापाची तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहा. डॉक्टर बदलला तरी ती वही आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.