इंग्रजी शिकवताना (लेखांक ९) : ‘की’नंतरचं वाक्य

‘शी इज अ टीचर’मधलं ‘टीचर’ हे कर्म नसून विधानपूरक आहे, हे मागच्या लेखात पाहिलं. तिथं एका शब्दानं काम भागलं होतं. पण सांगणं, विचारणं, वाटणं अशा क्रियापदांना पुष्कळदा अख्खं वाक्यच पूरक म्हणून लागतं. आपली मुलं मराठीच्या तासाला त्याला नामवाक्य म्हणतात आणि मिश्र वाक्यात ते ओळखूनही दाखवतात. इंग्रजीत मात्र तीच मुलं अडतात, आणि त्याचं कारण त्यांच्या मराठीतच आहे.

वाशीम, रिसोडकडचं मूल घरी येऊन सांगतं, ‘मास्तर म्हने का उद्या सुट्टी हाय.’ वऱ्हाडीतला हा ‘का’ म्हणजे प्रमाण मराठीतला ‘की’. व्याकरणात त्याला स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात. त्याच्यापुढे विधान चालतं, प्रश्न चालतो, आज्ञाही चालते. ‘त्यानं विचारलं की तू कुठं चाललास?’ ‘त्यानं सांगितलं की ये.’ बोललेलं वाक्य जसंच्या तसं ठेवता येतं. मग ‘की म्हणजे दॅट’ एवढंच पाठ केलेलं मूल लिहितं, ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’, ‘ही टोल्ड मी दॅट कम’. त्याचं मराठी चोख आहे, म्हणूनच ही चूक होते.

इंग्रजीत पुढचं वाक्य कसं यायचं ते क्रियापद ठरवतं. ‘से’ला ‘दॅट’ चालतो, आणि तो गाळलाही जातो. ‘आस्क’पुढे प्रश्न आला की ‘दॅट’ येत नाही, शब्दक्रमही सरळ होतो : ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.’ आज्ञा असेल तर ‘टेल’नंतर आधी माणूस आणि मग ‘टू’ : ‘ही टोल्ड मी टू कम.’ ‘वॉन्ट’चंही तसंच. ‘तू यावंस असं मला वाटतं’ हे मनात घोळवून लिहिलेलं ‘आय वॉन्ट दॅट यू शुड कम’ इंग्रजीत चालत नाही. ‘आय वॉन्ट यू टू कम’ म्हणावं लागतं. म्हणून ‘वॉन्ट’ हा सुटा शब्द शिकवूच नये. फळ्यावर ‘वॉन्ट समवन टू’ असं लिहावं आणि मुलांनी वहीतही तसंच उतरवावं.

याहून अवघड आहे ते सर्वनाम. ‘गणेश म्हणाला की मी उद्या कारंज्याला जातो.’ यातला ‘मी’ गणेश आहे, हे मराठी ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. इंग्रजीत ‘गणेश सेड दॅट आय विल गो’ लिहिलं, तर कारंज्याला निघतो तो लिहिणारा! अप्रत्यक्ष कथन शिकवताना आपण काळाच्या तक्त्यापासून सुरुवात करतो : ‘विल’चं ‘वुड’, ‘इज’चं ‘वॉज’. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी ‘मी कोण’ हे सुटावं. तीन मुलं उभी करावीत. पहिल्यानं दुसऱ्याच्या कानात ‘आय ॲम हंग्री’ म्हणावं, तिसऱ्यानं ‘व्हॉट डिड ही से?’ विचारावं. दुसऱ्यानं उत्तर देताना ‘आय’ म्हटलं, तर तिसऱ्यानं डबा त्यालाच द्यावा. असा डबा एकदा चुकीच्या हातात गेला की ‘ही’ का लागतो, हे वर्गाला समजतं. काळाचा तक्ता त्यानंतर.

मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या परिसरात, अनेक मुलांच्या घरी गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. त्यांना शाळेतली मराठीही नव्यानं शिकावी लागते, आणि इंग्रजीही. २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे या दोन्ही भाषा त्यांच्यासमोर एकदमच येतात. अशा वर्गात ‘आई म्हणाली की लवकर ये’ हे घरी कसं म्हणतात, ते आधी मुलांकडून ऐकावं आणि फळ्यावर लिहावं. त्याखाली मराठी, त्याखाली इंग्रजी. कुठला शब्द हलला, कुठला गळला, हे मुलांनीच खुणा करून दाखवावं.

पुढच्या आठवड्यात ‘मेक’ आणि ‘लेट’ घेऊ; त्यांच्यापुढे हा ‘टू’सुद्धा येत नाही.